पद्मिनीला घाटाची गाडी बनवताना

स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यांपुढं दोन दारांची, जमिनीला टेकलेली विलायती गाडी येते. तशी गाडी सातारा-सांगलीत विकायला निघत नाही, आणि निघालीच तर तिच्या एका पार्टसाठी महिनोन् महिने वाट बघावी लागते. फियाट मात्र आपल्याकडं अजून सापडते. वाड्याच्या बोळात, गुऱ्हाळाच्या शेडमध्ये, एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागं ताडपत्रीखाली उभी असते. प्रीमियर पद्मिनी हे तिचं कागदावरचं नाव. या गाडीच्या बॉनेटखाली शर्यतीत नाव काढलेल्या घराण्याचं इंजिन आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

पद्मिनीच्या इंजिनचं माप असं: ६८ मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७५ मिलिमीटर स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, एकूण १०८९ सीसी. हे माप फियाटनं १९३७ मध्ये ‘५०८ सी’ या गाडीत आणलं. दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या, १९४६ मध्ये, इटलीत ‘चिसितालिया डी ४६’ ही एका माणसाची रेसिंग गाडी फियाट ११०० च्या इंजिनावर उभी राहिली. तिची आखणी दान्ते जाकोसा यांची, आणि पुढं ज्या फियाट ११०० वरून आपली पद्मिनी आली ती गाडीही त्यांचीच. १९५० च्या दशकाच्या शेवटी फॉर्म्युला ज्युनियर शर्यती सुरू झाल्या तेव्हा स्टँग्वेलिनी हा कारखाना याच ११०० च्या इंजिनातून पद्मिनीच्या जवळपास दुप्पट ताकद काढत होता. म्हणून पद्मिनीला तयार करणं हा उगाच हौसेचा खेळ नाही. त्या इंजिनात ते आहे.

मात्र कामाचा क्रम सांभाळायला हवा. नवखा माणूस बहुतेक वेळा मोठा कार्ब्युरेटर आणि आवाज करणारा सायलेन्सर घेऊन सुरुवात करतो. यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट रोज बघणाऱ्या माणसानं तरी असं करू नये. आधी कागद, मग पत्रा, मग ब्रेक, मग थंड राहण्याची सोय, आणि इंजिनची ताकद अगदी शेवटी. पुढचं सगळं याच क्रमानं सांगतो.

गाडी आणि कागद

पहिला निर्णय: कोणती गाडी कापायची नाही. जुनी फियाट ११०० डिलाइट किंवा सुरुवातीची पद्मिनी मूळ रूपात मिळाली, आतली सीट, मीटर, बंपर सगळं कंपनीचं असलं, तर तिला हात लावू नका, ती तशीच जपा. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर ती संधी गेली. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज फिरवता येत नाही. आपल्या कामाला नव्वदच्या आसपासची, दोन-तीनदा रंग मारलेली, आत भलतीच सीट कव्हरं चढवलेली पद्मिनी उत्तम. तिच्यात मूळचं फारसं उरलेलं नसतं, त्यामुळं मनाला टोचणी लागत नाही.

कागद बघताना आरसीची मुदत आधी बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते, आणि शेडमध्ये पडून राहिलेल्या गाडीची ती बहुतेक वेळा चुकलेली असते. दंड, पर्यावरण कर, पासिंग हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत धरा. गाडी एमएच १० म्हणजे सांगली, एमएच ११ म्हणजे सातारा किंवा एमएच ५० म्हणजे कराडची असेल तर चकरा कमी होतात. मुंबईची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागेल. मूळ मालक वारले असतील, आणि जुन्या फियाटच्या बाबतीत हे फार वेळा असतं, तर वारसाच्या नावावर आधी गाडी चढवून घ्या. तोंडी व्यवहारावर ॲडव्हान्स देऊ नका, पुतण्या कितीही गोड बोलला तरी.

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः टॉर्च घेऊन वाचा, आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही गाडीची मूळ रचना बदलायला मनाई असल्याचं स्पष्ट केलं. म्हणून दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवायचा विचार रस्त्यावरच्या गाडीसाठी सोडून द्या. पद्मिनीत तिचंच इंजिन ठेवून ते नीट बांधायचं, हा कायद्याच्या दृष्टीनं सोपा मार्ग आणि माझ्या मते जास्त मजेचाही. ब्रेक किंवा टायरच्या मापात बदल करायचा असेल तर आरटीओत आधी विचारा, रंग बदलणार असाल तर त्याचीही नोंद करून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

पत्रा

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. त्यामुळं पत्रा सडला म्हणजे गाडीचा कणा सडला असं समजायचं.

गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा आणि त्याला पातळ फडकं गुंडाळा, म्हणजे रंगाला चरे पडत नाहीत. दाराखालची पट्टी, चाकांच्या कमानी, हेडलाइटभोवतीचा भाग, असं फिरवत चला. जिथं चुंबक सुटून हातात येतो तिथं रंगाखाली पुट्टी आहे. मग आतलं मॅटिंग उचला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्यानं दाबा, कुरकुर आवाज आला की खाली गंजाचे पापुद्रे आहेत. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तिच्या खालची जागा बघा, तिथं पाणी साठतं. मागचे पाटे बॉडीला जिथं अडकतात ती जागा सगळ्यांत महत्त्वाची. तिथं गंज आरपार असेल तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

महाबळेश्वर, पाचगणी, पाटणकडं राहिलेल्या गाड्या पावसानं आतून खाल्लेल्या असतात. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या कोरड्या हवेतली गाडी मिळाली तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. तिथं रबरं वाळून तडकलेली मिळतील, पण रबर नवं मिळतं.

सडलेला पत्रा कापून नवा लावताना सीओटू वेल्डिंग करून घ्या. गॅस वेल्डिंगनं पातळ पत्रा तापून वाकतो आणि मग तो सपाट दाखवायला परत पुट्टीच भरली जाते. दारं बसलेली असतानाच पट्टी बदला, नाहीतर बॉडी किंचित झुकते आणि दार कायमचं अडकायला लागतं. रंगाचं काम सगळ्यांत शेवटी.

वजनाचाही विचार इथंच करा. सुमारे ४० अश्वशक्ती आणि सुमारे ९०० किलो, हा पद्मिनीचा हिशोब. जादा बंपर गार्ड, छतावरचं कॅरियर, डांबराचे जुने थर, जाड मॅटिंग, दाराएवढे स्पीकर असं करून ५० किलो उतरवलं तर गाडी ४२ अश्वशक्ती असल्यासारखी पळते. इंजिनला पाना न लावता. आणि तेच ५० किलो उतारावर ब्रेकनाही थांबवावे लागत नाहीत.

ब्रेक, टायर, पाटे

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ते नीट असतील तर गाडी व्यवस्थित थांबते, पण बहुतेक गाड्यांत ते नीट नसतात. ड्रम लेथवर टर्न करून गोल करून घ्या, पण चारही काढून मोजा. आधीच जास्त कापलेला ड्रम पातळ होतो आणि लवकर तापतो. व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर आतून खड्डे पडलेले असतील तर नुसतं रबर किट टाकून भागत नाही, सिलिंडरच बदला. लोखंडी पाइप आणि रबरी होज डोळे झाकून नवे घ्या. तुमच्या गाडीत एकच सर्किट असेल, म्हणजे एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले अशी रचना असेल, तर दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणं हा या सगळ्या उद्योगातला पहिला खर्च ठरवा. ती जोडणी ब्रेकचं काम जाणणाऱ्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

ब्रेक ऑइलकडं लोक बघतसुद्धा नाहीत. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं आणि हवेतलं पाणी प्यायल्यावर १४० ला. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. पाचगणीहून वाईला उतरताना सतत पाय ब्रेकवर ठेवला तर जुनं ऑइल उकळून वाफ होते, पेडल मऊ पडत जाऊन शेवटी तळाला जातं. म्हणून डॉट ४ वापरा, दोन वर्षांनी पूर्ण बदला, आणि उतारावर गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्येच ठेवा.

पुढं डिस्क बसवायची का? इंजिन साधारण मूळ ताकदीचं राहणार असेल तर चांगल्या लायनिंगचे ड्रम पुरेसे आहेत. ताकद वाढवणार असाल तर डिस्क योग्य, पण कॅलिपरचं ब्रॅकेट गॅस कटरनं कापलेल्या पट्टीचं नको, मशिनिंग केलेलं हवं. कॅलिपरला ऑइल जास्त लागतं, म्हणून मास्टर सिलिंडर त्या मापाचा पाहिजे, आणि मागच्या ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह लागतो. हे तीन मुद्दे ज्या मिस्त्रीला आधीच माहीत असतील त्याच्याकडंच काम द्या.

टायर १४ इंची. जुनं माप ५.२० चं, क्रॉसप्लाय. आता रेडियल घ्या, आणि विकत घेताना टायरच्या कडेला चार आकडे वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. या मापाचे टायर दुकानात पडून राहतात, नक्षी नवी दिसते पण रबर कडक झालेलं असतं. असा टायर पहिल्या पावसात घाटात घसरतो.

सस्पेन्शनमध्ये फार डोकं लावू नका. पुढचे बुश आणि जॉइंट नवे, मागचे पाटे उघडून घासून ग्रीस करून परत बांधलेले, चारही शॉक ॲब्सॉर्बर एकाच वेळी बदललेले आणि अलाइनमेंट. एवढ्यावर गाडी ओळखू येत नाही. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवू नका. आपल्या स्पीडब्रेकरवर तिचा सायलेन्सर पहिल्याच आठवड्यात हातात येईल.

थंडावा आणि वायरिंग

गाळपाच्या हंगामात, दिवाळीनंतर, घाटरस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागं पहिल्या गिअरमध्ये वीस मिनिटं चढायचं. ही पद्मिनीच्या रेडिएटरची खरी परीक्षा. हायवेवर वारा मिळतो, तिथं काही कळत नाही.

रेडिएटर उघडून आतून साफ करून घ्या, नळ्या चोंदलेल्या असतील तर नवी जाळी बसवा. उकळते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडं सवय आहे, ती सोडा. त्यानं इंजिन थंडच चालतं, ऑइल पातळ होत नाही आणि पेट्रोल जास्त जातं. चांगला थर्मोस्टॅट घाला, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. विजेचा पंखा लावायचा तर आधी बघा गाडीत डायनामो आहे की अल्टरनेटर. डायनामो आयडलला जवळजवळ काहीच करंट देत नाही, आणि पंख्याची गरज नेमकी तेव्हाच असते. अल्टरनेटर बसवल्याशिवाय पंखा लावून उपयोग नाही.

वायरिंग संपूर्ण नवी करा. हेडलाइटला रिले लावला की उजेडात केवढा फरक पडतो ते पहिल्याच रात्री दिसतं. बॅटरी तोडायचा स्विच आणि सीटखाली एक छोटं अग्निशामक, या दोन गोष्टी शोभेच्या कुठल्याही वस्तूच्या आधी घ्या. सीटबेल्ट नसतील तर बसवा, पण नुसत्या पत्र्यात बोल्ट मारून नाही. मागून जाड प्लेट वेल्ड करून.

इंजिन

आता ज्यासाठी एवढा घाट घातला ते काम. आपण या बाबतीत नशीबवान आहोत. सातारा आणि कुपवाडची एमआयडीसी, कोल्हापूरचं उद्यमनगर, म्हणजे तासा-दोन तासांच्या अंतरात बोरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, कास्टिंग सगळं होतं. इथल्या टर्नरच्या हातात पिढ्यांची सफाई आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून या भागाला यंत्राची सवय आहे. पार्टसाठी पुण्याचं नाना पेठ आणि मुंबईचा कुर्ला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हापासून जुने सुटे भाग हळूहळू कमी होत आहेत, म्हणून जे लागेल ते आताच घेऊन ठेवा.

खोलण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून लिहून ठेवा. आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर रिंगा किंवा वॉल्व्ह गेलेत. खोलताना प्रत्येक पार्टचा फोटो, प्रत्येक नटबोल्टला चिठ्ठी.

बोअर वाढवून ताकद मिळेल असं बरेच जण समजतात. हिशोब करून बघा. बोअर ६८ चा ६९ केला तर १०८९ सीसीचे सुमारे ११२२ होतात. तीन टक्के. झिजलेला ब्लॉक दुरुस्त करायला ओव्हरसाइझ ठीक आहे, पण ताकद तिथं नाही. ताकद आहे ती हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, आणि बारकाईत.

हेडची चेंबर, म्हणजे पेट्रोल जळायची पोकळी, मोजायची पद्धत अशी: वॉल्व्ह आणि प्लग लावलेलं हेड उलटं, अगदी लेव्हलमध्ये ठेवा. चेंबरवर छोटं भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसनं चिकटवा आणि प्रयोगशाळेतल्या ब्युरेटनं पातळ ऑइल सोडत जा. शेवटचा हवेचा बुडबुडा निघेपर्यंत किती सीसी गेलं ते लिहा. त्यात गॅस्केटच्या जाडीची आणि पिस्टनच्या वर उरणाऱ्या फटीची जागा मिळवा. समजा एकूण ४० सीसी भरलं. एका सिलिंडरचं माप २७२.४ सीसी, म्हणजे कॉम्प्रेशन ७.८ ला १. ते ८.५ करायचं तर ही जागा ३६.३ सीसी हवी. हेड किती घासायचं हे टर्नरला अंदाजानं सांगायचं नाही, थोडं थोडं घासून परत मोजायचं. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत सारख्या झाल्या पाहिजेत. ८.५ च्या वर रस्त्याच्या गाडीत जाऊ नका. हेड घासल्यावर वॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना, हे पिस्टनवर मुलांची खेळायची क्ले ठेवून, इंजिन हातानं दोन फेरे फिरवून बघा.

वॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवा. पेट्रोलमधलं शिसं २००० सालीच गेलं, जुन्या मऊ सीट त्याच्याशिवाय झिजतात. गाईड नवे घाला, वॉल्व्ह लॅपिंग हातानं. पोर्टमधली कास्टिंगची खरखर काढा, आणि मॅनिफोल्ड, गॅस्केट, हेड यांची तोंडं एकमेकांशी तंतोतंत जुळवा. भोकं मोठी करायचा मोह आवरा.

मग पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तोलायचे. विट्याच्या बाजूला गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा घरोघरी आहे, तिथला सोन्याचा काटा यासाठी झकास. चारही पिस्टन पिनसकट एक ग्रॅमच्या आत, रॉडही तसेच. जड असेल त्याचं आतल्या बाजूचं थोडं मटेरियल काढायचं. या एका कामानं इंजिन वरच्या आरपीएमला जे गुळगुळीत फिरतं, ते कुठल्याही महाग पार्टनं होत नाही. बांधताना टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना, हवाच, ‘हाताला कळतं’ इथं चालत नाही.

ध्येय किती ठेवायचं? फियाटनं स्वतः १९५३ मध्ये इटलीत ‘११०० टीव्ही’ हे वेगवान मॉडेल काढलं होतं, तेच १०८९ सीसी, दोन व्हेंचुरीचा, म्हणजे हवेच्या दोन वाटांचा, वेबर कार्ब्युरेटर आणि ५० च्या आसपास अश्वशक्ती. नवख्या माणसानं तिथंच थांबावं. नीट बांधलेलं हेड, दोन व्हेंचुरीचा कार्ब्युरेटर, मोकळा पण शांत एक्झॉस्ट. वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला पहिल्या खेपेला हात लावू नका.

पेट्रोल आणि जेट

आपल्याच जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून निघालेलं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमधून आपल्याच टाकीत येतं. ऊस लावणाऱ्याला ते बरं, पण जुन्या फियाटच्या रबराला नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, होज, कार्ब्युरेटरच्या सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घ्या. व्हायटॉन मागा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी पेट्रोलमध्ये उतरत नाही.

जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, तीही बदलावी लागते. साध्या पेट्रोलला एकास १४.७ हवा लागते, वीस टक्के इथेनॉलला साधारण १३.५. म्हणजे पेट्रोल सुमारे नऊ टक्के जास्त जायला हवं. जेटच्या भोकाचा व्यास त्यासाठी साधारण चार टक्के मोठा लागतो, १२० चा असेल तर १२५ लावून बघा. पण उंचीनं हे उलटं फिरतं. सांगली साडेपाचशे मीटरवर, सातारा सातशेच्या आसपास, महाबळेश्वर तेराशे-चौदाशेवर. वर हवा विरळ, त्यामुळं तोच जेट जास्त पेट्रोल देतो. गाडी जिथं राहते तिथलं ट्यूनिंग करा.

खात्री प्लगवरून करायची. पसरणीचा घाट चढून, गाडी शेवटच्या चढावर पूर्ण ओढत असतानाच सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन बंद करा, आयडलवर ठेवू नका. प्लग काढून पोर्सिलेन बघा. फिकट तपकिरी असेल तर जमलं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराशुभ्र, वर बारीक दाणे, म्हणजे कमी पडतंय आणि पिस्टन धोक्यात आहे. तसाच पुढं जाऊ नका. पीयूसी सेंटरवरचा सीओचा, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, आकडाही आयडलच्या सेटिंगसाठी उपयोगी पडतो, त्या माणसाला थोडा वेळ द्यायला सांगा.

पहिले हजार किलोमीटर

पहिले ५०० किलोमीटर वेग बदलत चालवा, एकाच स्पीडला हायवेवर धरून ठेवू नका, चढावर वरच्या गिअरमध्ये कोंडू नका. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला. जुन्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून काय लागतं ते बघा. इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे बोल्ट परत टॉर्कला घ्या, मग टॅपेट सेट करा. हजारला पुन्हा ऑइल.

चाचणीसाठी भल्या पहाटेचा, मोकळा रस्ता निवडा, आणि घाटात शर्यत लावू नका. कासचा रस्ता फुलांच्या दिवसांत, ऑगस्ट ते ऑक्टोबर, पायी माणसांनी भरलेला असतो. तिथं त्या काळात जाऊच नये. गाडी किती पळते हे बघायची जागा ट्रॅक. आपल्याला हायवेनं बंगळूरमार्गे कोइमतूरचा करी स्पीडवे गाठता येतो. जायच्या आधी ब्रेक ऑइल ताजं भरा, चाकांचे नट टॉर्कला घ्या, टायरची हवा थंड असताना मोजा. डिकीत फॅन बेल्ट, एक पेट्रोल पंप, प्लगचा संच, कंडेन्सर आणि पॉइंट ठेवा. वाटेत फियाटचे पार्ट कुठल्या दुकानात मिळतील याचा भरवसा नाही.